दह्याची पिशवी आणि एक चापट: तीन पिढ्यांच्या घरातलं एक प्रकरण

पुण्याच्या पश्चिमेकडे, हिंजवडीच्या अलीकडे एका मोठ्या गृहसंकुलातलं हे घर. अकराव्या मजल्यावर फ्लॅट आणि त्यात पाच माणसं: आजोबा, आजी, त्यांचा मुलगा, सून आणि तिसरीतला आठ वर्षांचा नातू. मी कुटुंब समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनेचा क्रम मात्र घडला तसाच आहे.

आधी आली ती सून. तिने पहिल्याच वाक्यात प्रकरणाला नाव देऊन टाकलं: "सासरे मुलाला मारतात." नंतर आजोबा आले. त्यांचंही एकच वाक्य होतं: "पोरगं काचेच्या कपाटात वाढवताहेत." दोघं एकाच गुरुवारबद्दल बोलत होते.

गुरुवारी काय झालं

नातू शाळेच्या बसने तीनच्या सुमारास घरी आला. आजीला संध्याकाळी कढी करायची होती आणि घरात दही नव्हतं. आजोबांनी नातवाच्या हातात शंभराची नोट ठेवली आणि म्हणाले, "जा, समोरच्या डेअरीतून अर्धा किलो दही घेऊन ये." डेअरी सोसायटीच्या गेटबाहेर, एक सर्व्हिस रोड ओलांडला की लगेच. गॅलरीतून दिसते. आजोबा गॅलरीत उभे राहिले. पोरगं गेटमधून बाहेर पडलेलं, रस्ता ओलांडलेलं त्यांनी पाहिलं आणि मग ते आत येऊन पेपर वाचत बसले.

पोरगं पाऊण तास आलं नाही. डेअरीच्या पलीकडे ड्रेनेजचं काम चाललं होतं आणि तिथे जेसीबी खणत होता. आठ वर्षांच्या मुलासमोर जेसीबी खणत असेल तर दही कोणाच्या लक्षात राहतं? आजोबा खाली उतरले तेव्हा तो हातात पिशवी घेऊन बॅरिकेडला टेकून उभा होता. एवढ्यात शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी सुनेला ऑफिसात फोन केला होता: "तुमचा मुलगा गेटबाहेर एकटाच उभा आहे, घरी कोणी नाही का?" ती मीटिंग सोडून कॅबने निघाली.

घरी आल्यावर आजोबांनी उरलेले पैसे मागितले. दही पंचेचाळीसचं, म्हणजे पंचावन्न परत यायला हवेत. आले पंचेचाळीस. पोरगं म्हणालं, "काकांनी एवढेच दिले." आजोबांनी डेअरीवाल्याला फोन लावला. दहा रुपयांचं चॉकलेट घेतलं होतं, कागद खिशातच होता. आजोबांनी गालावर एक चापट मारली. नेमकं त्याच वेळी सुनेने दार उघडलं.

"आधी त्याला एकट्याला रस्त्यावर सोडलंत, आणि वर मारलंत?"

"उशीर झाला म्हणून नाही मारलं. खोटं बोलला म्हणून मारलं."

आजोबांच्या लेखी सगळं प्रकरण या फरकावर उभं होतं. उशिराबद्दल ते नातवाला एक शब्दही बोलले नव्हते, उलट जेसीबीच्या दातांना काय म्हणतात ते विचारत त्याला वर घेऊन आले होते. सुनेला हा फरक कळण्याच्या मनःस्थितीत कोणी ठेवलंच नव्हतं. कॅबमध्ये पंचवीस मिनिटं तिच्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं असेल याचा अंदाज आजोबांना नव्हता. दोन वेगळी भांडणं एका मिनिटात एकमेकांत गुंतली आणि पुढे सगळ्यांनी ती एकच समजून भांडली.

रात्री मुलगा, म्हणजे त्या पोराचा बाप, घरी आला. बायकोशी बेडरूममध्ये बोलला. वडिलांशी काहीच बोलला नाही. दोन दिवसांनी आजोबांनी बॅग भरली. "आम्ही गावी जातो. तुम्ही तुमच्या पद्धतीने वाढवा." सुनेने रजा टाकली, पाळणाघरांचे दर काढले आणि त्यानंतर माझ्याकडे आली.

आजोबा

आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक, गाव साताऱ्याकडचं. कागदोपत्री जन्मतारीख 1 जून 1956. त्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी जी तारीख लिहितील तीच खरी. सात भावंडांतले हे पाचवे. 1972 च्या दुष्काळात सोळा वर्षांचे होते, सुट्टीत खडी फोडायला जात, दुष्काळात वाटलेली सुकडी आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन दिवस काढलेले. पुढे डी.एड. केलं आणि 1977 पासून 2014 पर्यंत सदतीस वर्षं पोरं शिकवली. त्यातली बरीच वर्षं द्विशिक्षकी शाळेत, म्हणजे चार वर्ग आणि दोन मास्तर.

छडी होतीच. ते लपवत नाहीत. "छडी लागे छमछम, विद्या येई घमघम" ही ओळ त्यांनी मला हसतच ऐकवली. पाठोपाठ संस्कृत: लालयेत् पञ्च वर्षाणि, दश वर्षाणि ताडयेत्, प्राप्ते तु षोडशे वर्षे पुत्रं मित्रवदाचरेत्. पाच वर्षं लाड, पुढची दहा वर्षं धाक, आणि सोळावं लागलं की मुलगा मित्र. एकत्र बसलो होतो तेव्हा सुनेने शांतपणे विचारलं, "बाबा, सोळावं उलटून चोवीस वर्षं झाली. तुमच्या मुलाशी मित्रासारखं कधी बोललात?" त्यावर कोणाला काही बोलायला सुचलं नाही. मुलगा मोबाइल उलटा-सुलटा करत राहिला.

हा मुलगा आपल्या वडिलांच्याच शाळेत चौथीपर्यंत होता. गुरुजींचं पोरगं म्हणून त्याला इतरांपेक्षा दोन छड्या जास्त, नाहीतर गाव म्हणेल की मास्तर घरच्याला झुकतं माप देतो. आपल्या मुलावर हात उचलायचा नाही, हे त्याने लग्नाच्या आधीच ठरवलेलं होतं आणि ते त्याने पाळलंय. वडिलांशी थेट बोलणं मात्र त्याला आजही जमत नाही. जे सांगायचं ते आईमार्फत. "बाबांना सांग, गोळ्या संपल्यात का बघा." बाबा शेजारच्या खुर्चीत बसलेले असतात.

सुनेची बाजू

सून डोंबिवलीची. आई-वडील दोघंही मुंबईत नोकरीला. ती आठ वर्षांची होती तेव्हा गळ्यात दोऱ्यात ओवलेली किल्ली असायची. शाळेतून येऊन स्वतः कुलूप उघडायची, दूध गरम करून प्यायची, सात वाजेपर्यंत एकटी. आजोबा म्हणतात, "बघा, हीसुद्धा एकटीच वाढली की!" पण तिला ते दिवस मोकळेपणाचे म्हणून आठवत नाहीत. तिला आठवतं ते बेल वाजली की दार उघडायचं नाही हे शिकवलेलं आणि लाइट गेल्यावर जिन्यात येऊन बसणं. मुलाला असं राहू द्यायचं नाही, हे तिचं व्रत आहे. नवऱ्याचं व्रत मारायचं नाही, तिचं व्रत एकटं सोडायचं नाही. दोघांनीही पालक म्हणून जे ठरवलं ते पुस्तकातून नाही, स्वतःच्या बालपणातल्या दुखऱ्या जागेवरून ठरवलं. पुस्तकं आणि रील्स नंतर आले, ठरवलेल्याला नाव द्यायला. ते नाव 'जेंटल पॅरेंटिंग', म्हणजे न मारता, न दरडावता, समजावून मूल वाढवणं.

आजी-आजोबा पुण्याला आले तेही तिच्या गरजेने. मुलाचा जन्म 2016 च्या अखेरचा. तेव्हा प्रसूती रजा बारा आठवड्यांची होती. ती 26 आठवड्यांची झाली 1 एप्रिल 2017 पासून, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी असंही त्याच दुरुस्तीत आलं. या घराला त्याचा उपयोग झाला नाही. पोरगं चार महिन्यांचं असताना आजी-आजोबा गावचं घर बंद करून आले ते आजतागायत इथेच.

फ्रिजवर एक कागद लावलेला होता. मी घरी गेले तेव्हाही होता. स्क्रीन दिवसाला एक तास. बिस्किट नाही. 'नाही' म्हणू नये, पर्याय द्यावेत. रडला तर कारण विचारावं, गप्प बस म्हणू नये. खाली एकटं पाठवू नये. प्रत्येक सूचना आपापल्या जागी ठीकच आहे. पण चार वर्ग एका वेळी सांभाळलेल्या माणसाच्या नाकासमोर हा कागद आठ वर्षं लटकतोय, हे सुनेच्या लक्षात आलेलं नव्हतं. आजोबांनी कधी तक्रार केली नाही. गुरुवारनंतर पहिल्यांदाच म्हणाले, "आम्ही इथे शिपाई. घंटा वाजवायची, वर्ग दुसऱ्याचा."

आठ वर्षांचे असताना

मी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दोन गोष्टी लिहून आणायला सांगितल्या. तुम्ही आठ वर्षांचे असताना स्वतःबद्दल काय काय ठरवू शकत होता, आणि मोठ्यांच्या नजरेआड किती वेळ असायचा. शेवटी तेच नातवाबद्दल लिहायचं.

आजोबांचा कागद म्हणजे 1964 सालचं गाव. ठरवणं: शून्य. ताटात पडेल ते खायचं. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावांचे सदरे. वडिलांसमोर बसायचं नाही, बोलायचं तर विचारल्यावर. नजरेआड: सकाळी म्हशी घेऊन निघायचं ते शाळेपर्यंत, शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत. ओढा, विहीर, चिंचेची झाडं. त्यांच्या आईला दिवसभर पोरगं कुठे आहे याचा पत्ता नसायचा आणि त्यात काळजी करण्यासारखं आहे असं तिला वाटायचंही नाही.

मुलाचा कागद 1993 च्या आसपासचा. ठरवणं थोडं: कोणाशी खेळायचं, रविवारी टीव्हीवर काय बघायचं. नजरेआड बरंच: तासाला रुपया देऊन भाड्याची सायकल, दांड्याखालून पाय घालून गावभर. सुनेचा कागद वर सांगितला तसा.

नातवाच्या कागदावर पहिला रकाना भरून वाहत होता. नाश्त्याला पोहे की पॅनकेक, शर्ट कुठला, पाहुण्यांकडे जायचं की नाही, रविवारी कुठल्या हॉटेलात, सुट्टीत डोंगर की समुद्र, गाडीचा रंग. (गाडीचा रंग खरंच त्याने निवडला आहे.) दुसऱ्या रकान्यात चौघांनीही एकच उत्तर लिहिलं होतं. नजरेआड: शून्य मिनिटं. शाळेची बस, बसमध्ये मावशी, वर्गात कॅमेरा, सोसायटीच्या बागेत आजी, क्लासला बाबा, गेटवरून आत-बाहेर झालं की आईच्या मोबाइलवर सूचना.

माझं या प्रकरणातलं म्हणणं या दोन रकान्यांतून निघालं. पिढ्यांमधल्या बदलाबद्दल बोलताना आपण सहज म्हणून जातो की पूर्वीचे आई-बाप कडक होते, आताचे मवाळ झाले. ते अर्धंच आहे. दावं पूर्वी आज्ञेच्या बाजूला आखूड होतं आणि अंगणाच्या बाजूला लांब. आता ते उलट बांधलंय. आजोबा कडक आणि मोकळे, आई-बाबा मवाळ आणि बंदिस्त. दोघंही एकमेकांना निष्काळजी समजतात, आणि ज्या रकान्याकडे बघतात त्यापुरते दोघंही बरोबर आहेत.

पालकत्वाच्या शैलींची जी वर्गवारी सगळीकडे सांगितली जाते ती इथे अपुरी पडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे बालवाडीतल्या मुलांचा अभ्यास करून हुकूमशाही, अधिकारयुक्त आणि मुभा देणारी अशा तीन शैली मांडल्या. 1983 मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी त्याला दोन मापांची चौकट दिली: मुलाकडून अपेक्षा किती आणि मुलाला प्रतिसाद किती. या चौकटीत आजोबांना हुकूमशाहीच्या खणात आणि सुनेला मुभेच्या खणात टाकून मोकळं होता येतं. पण मूल एकटं किती दूर जाऊ शकतं, हे माप त्या चौकटीत नाही. आणि गुरुवारचं निम्मं भांडण नेमकं त्यावरच होतं.

हे फक्त आपल्याकडे घडलंय असंही नाही. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि सहकाऱ्यांनी तुलना केली होती: 1971 मध्ये सात-आठ वर्षांची 80 टक्के मुलं शाळेत एकटी जात, 1990 मध्ये 9 टक्के. एकोणीस वर्षांत. तिथे मुख्य कारण निघालं ते वाहतुकीची पालकांना वाटणारी भीती. आमच्या या सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या पाहिल्या की सुनेची भीती मला अजिबात अवास्तव वाटत नाही.

चापट झेलणारं कोणी

आता चापटीबद्दल. इथे मी आजोबांच्या बाजूने नाही, आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण "जुन्या लोकांना मारायची सवयच" एवढं म्हणून पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण जुन्या घरात ती चापट एकटी नसायची.

सात भावंडांच्या घरात मूल वाढवणं आई-बापाच्या हातात फारसं नव्हतंच. आजोबांना कडेवर घेऊन फिरली ती थोरली बहीण. कित्येक घरांत तर बापाने स्वतःच्या वडिलांसमोर आपलं पोर उचलून घेणं बरं दिसत नसे. बापाचं काम धाक दाखवण्याचं. त्याने हात उचलला की चुलती किंवा आजी पोराला ओढून न्यायची, "मेल्या, मारतोस काय लेकराला" म्हणून बापालाच झापायची आणि पदराखाली गुळाचा खडा द्यायची. मारणारा एक, जवळ घेणारा दुसरा, आणि शाळेतून आल्यावर सगळं विसरायला लावणारी पाच-सहा भावंडं. यात सगळंच गोड होतं असं नाही. चुलती नसलेली, आजी नसलेली, रोज मार खाणारी पोरंही त्याच गावात होती, आणि त्यांची आठवण कोणी कौतुकाने काढत नाही. तरी कामाची ती वाटणी खरी होती.

महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी मुलं 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2.9 होती, 2019-21 च्या पाहणीत 1.7. या घरात एकच मूल, चार मोठी माणसं, आणि धाक आणि माया दोन्ही कामं प्रत्येकाने स्वतःच करायची. सुनेला आधी ओरडायचं असतं आणि मग तिनेच जवळ घ्यायचं असतं. त्यामुळे ती ओरडतच नाही, दात घासण्याचं महत्त्व वीस मिनिटं समजावते. पोरगंही वकील झालंय: "पण रात्री घासलेत ना, मग सकाळी कशाला?"

गुरुवारी आजोबांनी चापट मारली तेव्हा जवळ घ्यायला कोणीच नव्हतं. आजी सुनेकडे बघत स्वयंपाकघराच्या दारात थिजली होती. सून सासऱ्यांशी भांडत होती. मी नातवाशी वेगळं बोलले तेव्हा तो म्हणाला, "जास्त लागलं नाही. पण नंतर माझ्याशी कोणी बोललंच नाही." चॉकलेटबद्दल विचारलं तर त्याचं उत्तर सरळ होतं: विचारलं असतं तर मिळालं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातात सुट्टे पैसे आले होते. घरात सगळा व्यवहार क्यूआर कोडवर. पैसे उरतात आणि ते परत द्यायचे असतात, ही गोष्ट त्याला कोणी कधी दाखवलीच नव्हती.

आजोबांची शेवटची चार वर्षं

बोलणं अडलं होतं ते सुटलं एका साध्या हिशेबातून. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. आजोबा निवृत्त झाले 2014 मध्ये. मी विचारलं, "म्हणजे शेवटची चार वर्षं तुम्ही छडीशिवाय वर्ग चालवलात. कसा?"

सुरुवातीला ते म्हणाले, "नाइलाज होता." मग थोडं थांबून सांगायला लागले. पहिलं वर्ष वाईट गेलं. मग त्यांनी वर्गातल्या सगळ्यात द्वाड पोराला घंटा वाजवायचं काम दिलं. दुसऱ्याला पोषण आहाराच्या ताटांचा हिशेब. तिसऱ्याला झाडांना पाणी. "काम दिलं की पोरगं सुधारतं असं नाही, पण त्याला उपद्रव करायला वेळ राहत नाही." हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. शेजारी बसलेल्या मुलाने हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचा विषय काढला. गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाईंनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी डहाणूजवळच्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे त्यांच्या सहकारी झालेल्या अनुताई वाघ त्यांना तिथेच मिळाल्या आणि ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलाला मारू नये, भीती आणि बक्षीस दोन्ही नको, त्याच्या हाताला खरं काम द्यावं, हे सगळं मराठीत, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आजोबा जन्मायच्या आधी सांगून झालं होतं. आजोबा म्हणाले, "डी.एड.ला टीप लिहिली होती की! पाच मार्कांना." सून पहिल्यांदाच हसली. ती ज्याला परदेशातून आलेलं समजत होती आणि सासरे ज्याला शहरी फॅड समजत होते, ते सासऱ्यांच्या अभ्यासक्रमात होतं. प्रश्न माहितीचा नव्हताच. सात-आठ पोरांच्या घरात आणि साठ पोरांच्या वर्गात ती टीप परीक्षेपुरतीच राहिली.

काय ठरलं

दोन भांडणं वेगळी केली. चापटीवर वाटाघाट नाही: या घरात कोणी हात उचलायचा नाही. आजोबांनी मान्य केलं, एक अट घालून. खोटं बोलल्याचं पुढे काय, ते मात्र सोडून द्यायचं नाही. ही अट योग्यच होती. त्या गुरुवारी चापटीच्या गोंधळात दहा रुपयांचं खोटं सगळे विसरूनच गेले होते. आई-बाबांनी तर मुलाला त्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. ठरलं असं की दूध-दह्याचा हिशेब पोराने ठेवायचा. एक वही, रोज दोन ओळी, शनिवारी आजोबांना दाखवायची. दहा रुपये त्याने पुढे मिळणाऱ्या खाऊच्या पैशांतून फेडायचे.

बाहेर जाण्याचं पायरीपायरीने. आधी लिफ्टने एकट्याने खाली, मग क्लबहाउसपर्यंत, मग आजोबा गेटवर उभे आणि तो डेअरीपर्यंत. रस्ता ओलांडायला शिकवायचं काम आजोबांचं, आणि पोरगं तयार झालंय की नाही हे ठरवायचं आईने. सुनेला जीपीएसचं घड्याळ घ्यायचं होतं. आजोबा म्हणाले, म्हशीच्या गळ्यात घंटा बांधतात तसं दिसेल. शेवटी खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि वॉचमनला कल्पना, यावर तडजोड झाली. पहिल्या वेळी सून ऑफिसातून पूर्ण वेळ फोनवर होती. पोरगं सहा मिनिटांत परत आलं, आणि ते सहा मिनिटांत आलं याचंही तिला वाईट वाटलं: घाबरलं असेल का?

फ्रिजवरचा कागद निघाला. त्या जागी चौघांनी मिळून तीन ओळी लिहिल्या. पहिली ओळ आजोबांच्या अक्षरात आहे, ठळक, फळ्यावरच्यासारखी.

सगळंच जमलं नाही. आजोबांनी नातवाची माफी मागावी, अशी सुनेची अपेक्षा होती. त्यांनी शब्दांत ती मागितली नाही. एका दुपारी त्याला घेऊन जेसीबीचं काम बघायला गेले, ड्रायव्हरशी गप्पा मारल्या, येताना शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली. पोराच्या दृष्टीने हिशेब मिटला. सुनेच्या दृष्टीने नाही, आणि मला तिचं पटतं. मोठा माणूस चुकल्यावर तसं तोंडाने म्हणतो, हे मुलाने एकदा तरी ऐकायला हवं. आजोबांनी माझ्यासमोर मान हलवली, पण अजून म्हटलेलं नाही.

बाप-लेकाचं थेट बोलणं तर अगदीच रखडलंय. मी सुचवलं होतं की आठवड्यातून एकदा आजीला मध्ये न घेता एक तरी गोष्ट वडिलांना स्वतः सांगायची. मुलाने मार्ग काढला: तो शेजारच्या खोलीतून वडिलांना व्हॉट्सअॅप करतो. आजोबा 'ओके' पाठवतात, कधी अंगठा. मी याला प्रगती म्हणायला तयार आहे, आजी नाही.

आता मे महिन्याचा विषय निघालाय. कॅनॉलचं पाणी आल्यापासून गावच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं आणि आजोबांना नातवाला तिथे पोहायला शिकवायचंय, पाठीला प्लास्टिकचा कॅन बांधून, जसं त्यांनी गावातल्या कितीतरी पोरांना शिकवलं. बापाने होकार दिलाय, कॅन दोन बांधायच्या अटीवर. सुनेने सोसायटीच्या तलावातल्या कोचिंगची फी भरून ठेवली आहे आणि म्हणतेय की आधी तिथे पन्नास फूट पोहून दाखव, मग विहीर. आजोबांना ही अट मान्य आहे. पोरगं रोज खाली तलावावर जातंय, लिफ्टने, एकटं.